हफीजाला सांगायचं का

मिरकरवाड्याच्या बंदरात हफीजाचा आवाज आला की होड्या लागल्या असं लोक समजायचे. मासळी जेटीवर उतरली की ती टोपल्यांच्या मधोमध उभी राहायची, ओढणी डोक्यावरून घट्ट बांधलेली, हातात नमुन्याचा एक मासा, आणि लिलाव सुरू व्हायचा. साठीला टेकली होती, पण जेटीच्या या टोकाचं तिचं बोलणं त्या टोकाला ऐकू जायचं. तिचा नवरा मन्सूर जहाजावर सुकाणू धरणारा सुखाणी होता. उमेदीची सगळी वर्षं त्याने आखाती मुलुखात काढली आणि आता मांडवीला घरी असायचा. दोघांत बोलायचं काम हफीजाचं आणि ऐकायचं मन्सूरचं. ही वाटणी कधी झाली ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

त्या सकाळी तिच्या पुढ्यात सौंदाळ्यांची टोपली आली. तिने वरचा मासा उचलला आणि पुकारलं, "बोला, चादरी कोण घेतो?"

गिऱ्हाइकं हसली. "चाची, चादरी कधीपासून विकायला लागलात?"

हफीजाही हसली. मान झटकून तिने पुन्हा पुकारलं, तर पुन्हा चादरीच. मग तिने ओठ मिटून शब्द आधी तोंडातल्या तोंडात जुळवला, पण बाहेर पडलं ते कुठल्याच भाषेतलं नव्हतं. हातातला मासा खाली पडला. तो उचलायला ती वाकली नाही. नुसती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

समोर विनोद उभा होता. तो इथली मासळी पिकअपमधून मंडणगडला नेऊन विकायचा. त्याच्या वडिलांचं बोलणं एकदा असंच अडखळलं होतं. घरच्यांनी "दमलात, जरा पडा" म्हणून त्यांना झोपवलं, आणि ते जागे झाले ते एक बाजू लुळी घेऊनच. विनोद टोपल्या ओलांडून पुढे आला.

"चाची, जरा हसून दाखवा बघू."

हफीजा हसली. तोंडाचा उजवा कोपरा जागचा हलला नाही.

विनोदने मासळी तिथेच टाकली, तिला उचलून पिकअपच्या पुढच्या सीटवर बसवलं, आणि गाडी मारुती मंदिर भागातल्या हॉस्पिटलकडे काढली. वाटेतच त्याने मन्सूरला फोन लावला.

मन्सूर आणि त्याची मुलगी निदा रिक्षाने हॉस्पिटलात पोहोचली तेव्हा हफीजाच्या डोक्याचा स्कॅन होऊनही गेला होता. निदा शहरातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. ती तशीच, खांद्याला शाळेची पिशवी लावून आली होती. डॉ. मृणाली या तिथल्या फिजिशियन, मूळच्या देवरुखच्या. चालता चालताच त्या बोलल्या.

"मेंदूच्या शिरेत गुठळी अडकली आहे. रक्तस्राव दिसत नाही. तुम्ही वेळेत आणलंत, त्यामुळे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येईल. त्याने फायदा होण्याची शक्यता चांगली आहे. थोड्या लोकांत डोक्यात रक्तस्राव होतो, तोही धोका आहे. तुमची संमती हवी."

मन्सूरने हफीजाकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती. ओठ हलत होते, कपाळावर आठ्या पडल्या होत्या. काहीतरी सांगायचं होतं तिला, आणि ते येत नव्हतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं झालं होतं. त्याने सही केली.

इंजेक्शन गेलं. मग सगळे वाट बघत बसले. निदा नखं खात होती. मन्सूरने हफीजाचा उजवा हात दोन्ही हातांत धरला होता. तो हात थंड नव्हता, गरम नव्हता, फक्त काही उत्तर देत नव्हता. बऱ्याच वेळाने त्याच्या तळव्यावर काहीतरी हललं. आधी करंगळी. मग चारी बोटं. त्याने वर पाहिलं.

हफीजाने घसा साफ केला. "माझी चप्पल कुठाय?" ती म्हणाली. "कालच घेतली होती."

निदा मोठ्याने रडायला लागली. मन्सूर हसत होता, पण त्याचा चेहराही भिजला होता. निदाने लगेच दोह्याला भावाला फोन लावला. फुजैल तिथे एका बांधकाम कंपनीत होता. पडद्यावर त्याचा घामेजलेला चेहरा दिसला, मागे काँक्रीटचे खांब.

"अम्मी, बोल ना काहीतरी."

"तू जेवलास काय? आणि रडतोस कशाला रे? मी मेले नाय अजून."

वॉर्डातल्या परिचारिका, दीपाली, त्याही हसल्या. घटकाभर त्या खोलीत लग्नघरासारखं वाटलं. खाली बंदरावरची माणसं जमली होती. निदाने त्यांना खिडकीतून हात करून सांगितलं, "बोलली! बोलली!"

थोड्या वेळाने डॉ. मृणालींनी बापलेकीला बाजूच्या छोट्या खोलीत बोलावलं. त्या हसत नव्हत्या. भिंतीवरच्या दिव्यावर एक फिल्म लावली होती.

"हफीजाबींना खूप फरक पडलाय, मलाही आनंद झाला," त्या म्हणाल्या. "पण एक गोष्ट आत्ताच सांगते. नंतर सांगण्यात अर्थ नसतो. ही मानेतली शीर. इथे बघा, किती बारीक झाली आहे. गुठळी इथूनच सुटून वर गेली होती. वर गेलेली विरघळली, पण ही जागा तशीच आहे. त्यात त्या आल्या तेव्हाच त्यांची साखर फार वाढलेली होती, आणि रक्तदाब वरखाली होतोय. अशा पेशंटमध्ये पहिल्या दिवसात पुन्हा बिघडण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते."

"म्हणजे परत तसंच होणार?" निदाने विचारलं.

"होणार असं म्हणत नाही मी. होऊ शकतं. सगळ्या गोष्टी जमेला धरून अंदाज बांधायचा असतो. दहा जणांत एकदोघांचं बिघडतं. तुमच्या आईच्या बाबतीत मी तीन धरीन, कदाचित चार. म्हणजे न बिघडण्याचीच शक्यता जास्त. पण मला बेसावध राहायचं नाही."

"मग काय करायचं?"

"बिघडलं तर दोन कारणं असू शकतात. शीर पुन्हा बंद झाली, नाहीतर आत रक्तस्राव झाला. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून काही जाणवलं की पहिल्यांदा स्कॅन. तिथल्या माणसाला आज जागेवरच थांबायला सांगितलंय. कोल्हापूरला शिरेतून गुठळी काढणारे डॉक्टर आहेत, त्यांना फिल्म पाठवली आहे. अँब्युलन्स सांगून ठेवली आहे. आणि त्यांना आज पूर्ण आडवं ठेवायचं."

निदाच्या हातातला फोन अजून चालूच होता, फुजैल ऐकत होता. तो एकदम म्हणाला, "मग मुंबईला हलवा ना तिला! आत्ताच्या आत्ता. मी सोय करतो."

"हलवायचं झालं तर मीच सांगेन," डॉ. मृणाली म्हणाल्या. "आत्ता त्या बोलतायत, हात उचलतायत. मुंबईचा एवढा लांबचा रस्ता, आणि वाटेत बिघडलं तर गाडीत स्कॅन नाही. आजचा दिवस त्या इथेच बऱ्या." मग त्या मन्सूरकडे वळल्या. "हे सगळं हफीजाबींना सांगायला हवं, असं माझं मत आहे. मी सांगते, किंवा तुम्ही सांगा. त्या तुमच्या माणूस आहेत, कसं सांगायचं ते तुम्हाला जास्त कळेल. पण उशीर नको."

बाहेर आल्या आल्या निदा म्हणाली, "काही सांगायचं नाही. अब्बा, ऐका माझं. ती घाबरेल. आधीच प्रेशर वरखाली होतंय. आपण आहोत ना लक्ष ठेवायला."

"अम्मीला काय पण सांगू नका," फोनमधून फुजैलही म्हणाला. "उगाच कशाला तिच्या डोक्याला ताप?"

मन्सूर पॅसेजमधल्या बाकावर बसला. निदाला वाटलं, त्याने मान्य केलं. त्याची सवयच ती होती.

"मी मस्कतला होतो," तो म्हणाला, "तेव्हा माझा बाप गेला. तुम्ही लहान होतात. घरून फोन यायचा, बाबांना जरा ताप आहे, तुम्ही काळजी करू नका. पुढच्या फोनला पण तेच. जहाज बसऱ्याला जाऊन आलं तरी तापच. मग एक गाववाला बंदरात भेटला, आणि मला म्हणाला, मयतीला खूप माणसं होती रे. त्याला वाटलं मला माहीत आहे."

निदाने हे कधी ऐकलं नव्हतं.

"सगळ्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. तुझी अम्मी पण होती त्यांत. मी कुणाला बोललो नाय. पण बाप आजारी आहे हे कळलं असतं तर मी निदान फोनवर त्याच्याशी बोललो असतो. ते माझं होतं, निदा. ते दुसऱ्यांनी ठेवून घेतलं." तो उठला. "तिचं डोकं आहे. तिला माहीत पाहिजे."

निदा म्हणाली, "आणि काही झालं तर?"

"तर मी सांगितलं म्हणून झालं असं म्हण मला. पण मी सांगणार."

हफीजा आडवी पडून छताच्या पंख्याकडे रागाने बघत होती. उशी काढून घेतल्याने ती वैतागली होती. मन्सूर स्टूल ओढून तिच्या डाव्या बाजूला बसला.

"काय झालं?" हफीजानेच विचारलं. "तोंड असं काय तुमचं? डॉक्टरीण काय म्हणाली?"

त्याने सांगितलं. मानेतली शीर सांगितली, साखर सांगितली, परत बिघडू शकतं हे सांगितलं. थोडं अडखळत सांगितलं, पण काही गाळलं नाही. हफीजा मध्ये एकदाही बोलली नाही, याची त्याला जास्त भीती वाटली.

"परत बोलणं जाईल?" अखेर तिने विचारलं.

"जाऊ शकतं. नाय पण जाणार. डॉक्टर म्हणाल्या, न जाण्याचीच शक्यता जास्त आहे. पण तयारीत राहायचं. तू उठायचं नाय, अजिबात. आणि काही वेगळं वाटलं, हात जड वाटला, शब्द सापडेना, की लगेच डावा हात वर करायचा. सकाळसारखं हसण्यावारी न्यायचं नाय."

हफीजाने डोळे मिटले. तिच्या कानाजवळून एक ओघळ खाली उतरला. मन्सूरने तो ओढणीच्या टोकाने पुसला. निदा दारात उभी राहून यंत्रावरचे आकडे बघत होती. आकडे जरासे हलले आणि परत जागेवर आले.

"एक सांगू?" हफीजा हळूच म्हणाली. "परवा मासे कापताना हात असाच गेला होता. विळी समोर, आणि हात माझा नव्हताच. थोड्या वेळाने आला परत. त्याच्या आदल्या दिवशी पण. मी कुणाला बोलले नाय."

"का गो?"

"तुमी घाबरला असता."

मन्सूर तिच्याकडे बघतच राहिला. मग उठून त्याने डॉ. मृणालींना शोधलं आणि हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"बरं झालं सांगितलंत. म्हणजे ही शीर आधीपासूनच इशारे देत होती. अंदाज आणखी वर गेला." त्यांनी दीपालीला बोलावलं. "तपासणी आता आणखी जवळजवळ करू या. आणि दाब फार खालीही जायला नको, नुसता वाढतोय का एवढंच बघू नका."

दीपाली पुन्हा पुन्हा यायच्या. हात वर करा. पाय वर करा. हसा. हे काय? पेन. हे काय? घड्याळ. हफीजा कंटाळली. "बाय, मला कळलं तुझ्याकडे पेन आहे," ती म्हणाली, आणि दीपालींना हसू आवरेना.

दोन तपासण्यांच्या मध्ये तिला बोलतं ठेवायचं होतं. म्हणजे तिचं बोलणं बदललं तर लगेच कळेल. पण हफीजा म्हणाली, "आज तुमी बोला. इतकी वर्षं मीच बडबडत्येय."

मन्सूरची पंचाईत झाली. तरी तो बोलायला लागला. जहाजावरच्या गोष्टी. वाऱ्याने दोर तुटला तेव्हाची, समुद्रात एका बगळ्यासारख्या पक्ष्याने डेकवर तीन दिवस मुक्काम केला तेव्हाची. त्याने या कधी घरी सांगितल्याच नव्हत्या. सुट्टीवर आला की घरात इतकी माणसं, इतकी कामं, आणि मग त्याला वाटायचं, यात सांगण्यासारखं काय आहे. हफीजा मध्ये मध्ये विचारत होती. पक्ष्याला खायला काय दिलंत? तो गेला कधी? तुमी मला पत्रात का नाय लिहिलंत?

दुपार उतरायला लागली. निदाने खालच्या माणसांना समजावून घरी पाठवलं होतं आणि ती वर येऊन खिडकीपाशी उभी होती. मन्सूर सुट्टीवर यायच्या वेळची एक गोष्ट सांगत होता.

"त्या खेपेला तुझ्यासाठी काय आणलं होतं, आठवतं?"

"आठवतं ना," हफीजा म्हणाली. "अत्तराची बाटली. ती बॅगेत अत्त... ती बॅ..."

ती थांबली. डोळे मोठे झाले. मन्सूरला आधी वाटलं, हसू येतंय तिला. आणि मग तिचा डावा हात वर गेला. सरळ वर, बोटं ताणलेली.

मन्सूरने घंटा दाबली, आणि दाबूनच धरली. दीपाली धावत आल्या. "हफीजाबी, उजवा हात उचला." हात चादरीवरून जेमतेम सरकला. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, दाब मोजला, आणि दारातूनच हाक मारली. डॉ. मृणाली आल्या तेव्हा स्ट्रेचर दाराशी लागलं होतं. कुणी आरडाओरडा केला नाही. प्रत्येकाला आपलं काम माहीत होतं, जणू सगळे याच हाकेची वाट बघत होते. मग दार बंद झालं, आणि पॅसेजमध्ये मन्सूर आणि निदा उरली.

निदा भिंतीला टेकून उभी होती. "तुम्ही सांगितलंत," ती म्हणाली. "सांगितलंत म्हणून झालं. ती भीतीने—"

मन्सूरला वाटलं, कदाचित मुलीचं खरं असेल. तो बंद दाराकडे बघत उभा राहिला आणि आपल्याला येत होती ती सगळी दुआ त्याने मनात म्हटली, आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

दार उघडलं. डॉ. मृणालींनी आधी हात वर करून त्यांना थांबवलं, मग बोलल्या.

"रक्तस्राव नाही."

निदा मटकन खाली बसली.

"शीर नव्याने बंद झाल्यासारखीही दिसत नाही. त्यांचा दाब एकदम खाली आला होता. मानेतली शीर बारीक, त्यात दाब कमी पडला, की वर रक्त पुरत नाही. इंजेक्शनच्या आधी दाब उतरवायला सुरू केलेलं औषध बंद केलंय, सलाईन जोरात चालू आहे, पायाकडची बाजू वर केली आहे. आता बघू. बोलणं परत आलं तर इथेच. नाही आलं तर अँब्युलन्स खाली उभी आहे, लगेच कोल्हापूर."

"डॉक्टर," निदाने खालूनच विचारलं, "आम्ही तिला सांगितलं होतं. त्या भीतीमुळे..."

"भीतीने दाब वाढतो गं. त्यांचा कमी झाला होता." डॉ. मृणाली तिच्या शेजारी टेकल्या. "आणि त्यांनी हात वर केला म्हणून लगेच कळलं. दीपाली थोड्या वेळाने येणारच होती, तिलाही कळलं असतं. पण तेवढा वेळ मेंदूला रक्त कमी पडलं असतं. तो वेळ वाचला. ऊठ बघू आता, जमीन थंड आहे."

हफीजाला परत खोलीत आणलं. मन्सूर पुन्हा त्याच स्टुलावर बसला. ती जागी होती, डोळे त्याच्यावर होते, ओठ घट्ट मिटलेले. प्रयत्न करून पुन्हा चुकीचं काही बाहेर पडण्यापेक्षा तिने गप्प राहायचं ठरवलेलं दिसत होतं. सलाईन थेंबथेंब नव्हे, धारेने उतरत होतं. यंत्रावरचा आकडा वर सरकत होता. दीपाली पलंगापासून हलल्या नाहीत.

खिडकीतलं ऊन पलंगाच्या दांडीवरून भिंतीवर गेलं. मन्सूरच्या पाठीला रग लागली होती, पण तो हलला नाही. आणि मग उजवा हात चादरीवरून वर आला. अर्ध्यावर थांबला, थरथरला, आणि पूर्ण वर आला.

"छान," दीपाली म्हणाल्या. "आता बोला."

हफीजाने ओठ ओले केले. तिने घाई केली नाही. एकेक शब्द हाताने चाचपून घ्यावा तसा तिने घेतला.

"फुटली होती," ती म्हणाली. "अत्तराची बाटली. बॅगेत. तुमच्या सगळ्या कपड्यांना... महिनाभर वास येत होता."

मन्सूरने पलंगाच्या दांडीवर कपाळ टेकलं.

"बगळ्यासारखा पक्षी," हफीजा पुढे म्हणाली, "त्याचं काय झालं, ते राहिलं सांगायचं."

रात्र कशी गेली ते मन्सूरला नीट आठवत नाही. दीपालींची पाळी संपली आणि दुसऱ्या परिचारिका आल्या, पेन आणि घड्याळ तेच राहिलं. दाब एकदा जरा खाली आला, सलाईन वाढवलं, वर गेला. बोलणं गेलं नाही. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर पुन्हा स्कॅन झाला. तो बघून डॉ. मृणाली स्वतः खोलीत आल्या, आणि आल्या त्या हसतच आल्या. त्यांना हसताना निदाने पहिल्यांदाच पाहिलं.

"अगदी स्वच्छ," त्या म्हणाल्या. "एक ठिपका आहे आधीच्या झटक्याचा, बारीक. बाकी काही नाही. आता रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या सुरू करू. थोड्या दिवसांनी कोल्हापूरला जाऊन मानेतल्या शिरेत जाळी बसवून घ्यायची. पण जो दिवस मला नको होता तो गेला."

"मला उशी मिळेल काय आता?" हफीजाने विचारलं.

"मिळेल. एक. आणि उठायचं तर हळूहळू, कुणीतरी सोबत असताना."

निदाने दोह्याला फोन केला. तिने फक्त "स्वच्छ" एवढंच म्हटलं. फुजैल म्हणाला, "थांब, मी जरा बाहेर जातो," आणि त्याने फोन ठेवून दिला. निदाने आईच्या पायांवरची चादर सारखी केली, आणि मग ती मन्सूरपाशी आली.

"अब्बा, काल मी तुम्हाला..."

"चल," मन्सूर म्हणाला. "काल सकाळपासून मी काय खाल्लं नाय."

हॉस्पिटलच्या समोरच्या टपरीवर बापलेकीने उभ्या उभ्या मिसळ खाल्ली. मन्सूरने दोन पाव खाल्ले, मग आणखी दोन मागवले, आणि वरून चहा घेतला. निदा त्याच्याकडे बघत होती. तो असा हावरटासारखा खाताना तिने कधी पाहिला नव्हता. तिला हसू फुटलं, त्यालाही फुटलं, आणि टपरीवाला दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

कोल्हापूरचं काम सुरळीत पार पडलं. जाळी बसली, हफीजा घरी आली. सगळं पूर्वीसारखं झालं असं मात्र नाही. उजव्या हाताने सुईत दोरा ओवणं अजून तिला जमत नाही. माणसांची नावं मध्येच हुकतात, आणि मग ती समोरच्याला बिनदिक्कत विचारते, "तुझं नाव काय रे, मला आठवेना." तीन वेळा गोळ्या, साखरेवर नजर, आणि रोज संध्याकाळी चालणं. चालायला दोघं मांडवीच्या किनाऱ्यावर जातात. ओहोटीला वाळू टणक असते, तेव्हा तिला बरं पडतं.

अशाच एका संध्याकाळी ती मध्येच थांबली. मन्सूर दचकून वळला. आताशा ती थांबली की तो दचकतोच.

"काय नाय हो, चपलेत वाळू गेली," ती म्हणाली. त्याच्या खांद्याचा आधार घेऊन तिने चप्पल झटकली. मग खांद्यावरचा हात न काढताच विचारलं, "त्या दिवशी मला सांगायला आलात, तेव्हा भीती नाय वाटली?"

"वाटली ना. पोरं नको म्हणत होती."

"निदा बोलली मला. रडली पण." हफीजा चालायला लागली. "पुढच्या वेळी एक करा. आधी मला सांगा, मग पोरांना."

"पुढच्या वेळी?" मन्सूर जागीच उभा राहिला.

"चला हो," ती म्हणाली, "तुमी मागे पडताय," आणि पाण्याच्या कडेकडेने ती पुढे चालत राहिली. मन्सूर भराभर पावलं टाकत तिला गाठायला निघाला.